हळदीकुंकवाच्या वाणासाठी घरचे कोस्टर: हजार रुपयांत शंभर नग

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ५० जणींना घरी केलेल्या कोस्टरची, म्हणजे कप-पेल्याखाली ठेवायच्या छोट्या आसनांची, एकेक जोडी वाण म्हणून लुटायची आहे आणि सगळा खर्च हजार रुपयांत बसवायचा आहे. नमुना म्हणून एमडीएफच्या चकत्या आणून रंगवल्या, तर आठवड्यात कडा फुगल्या. गरम कप ठेवला की रंग चिकटतो आणि चकती कपाबरोबर उचलली जाते. वरून वॉर्निशचा आणखी एक थर द्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

देऊ नका, पैसे वाया जातील. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुगा-तंतू चिकट राळेत घालून दाबून केलेली फळी. तिचा वरचा पृष्ठभाग घट्ट असतो, पण कापलेली कड उघडीच राहते. तिथून पाणी शिरलं की दाबून बसवलेले तंतू फुगतात आणि वाळल्यावर पुन्हा खाली बसत नाहीत. चिकटण्याचं कारण वेगळं आहे. अ‍ॅक्रिलिक रंग हे एक प्रकारचं प्लास्टिकच असतं, गरम झालं की ते मऊ पडतं. नुकत्याच गाळलेल्या चहाचा कप त्यावर पाच मिनिटं ठेवला की बूड रंगात रुतून बसतं. हस्तकलेच्या दुकानात मिळणारं पाण्यात मिसळणारं वॉर्निशही बहुधा अ‍ॅक्रिलिकच असतं, म्हणजे तेच दुखणं आणखी एका थरानं वाढवायचं. त्या चकत्या टाकू मात्र नका. भेटवस्तूंना नावाच्या चिठ्ठ्या म्हणून बांधायला किंवा दारावरच्या तोरणात लावायला त्या छान आहेत. जिथे पाणी येत नाही, अशा कुठल्याही कामाला चालतील.

वर्गात शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगते, की कोस्टरचं पहिलं काम पाणी पिणं. दिसणं त्यानंतर. थंड पेल्याच्या बाहेर जे पाणी जमतं ते पेल्यातून पाझरलेलं नसतं, ते हवेतलं बाष्प असतं. म्हणून मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे फ्रीजमधली बाटली टेबलावर ठेवली की खाली थारोळं होतं आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तीच बाटली जेमतेम ओलसर होते. तुमच्या मैत्रिणी कुठेही राहत असल्या, तरी पावसाळा सगळ्यांकडेच येतो. हे पाणी लाकडी टेबलावर साचलं की पॉलिशमध्ये शिरतं आणि पांढरं वर्तुळ उमटतं. जुन्या पद्धतीचं फ्रेंच पॉलिश हे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं असतं. ते उष्णतेनंही मऊ पडतं, त्यामुळे चहाच्या कपाचा डागही त्याच जातीचा.

जर्मनीत बिअरच्या पेल्याखाली ठेवायच्या जाड पुठ्ठ्याच्या चकत्या निघाल्या त्याही याच गरजेतून. १८९२ मध्ये ड्रेस्डेनच्या रॉबर्ट श्पुट यांनी लाकडाच्या लगद्यापासून चकत्या करण्याचं पेटंट घेतलं. लगदा साच्यात ओतून वाळवायचा, की झाली पाणी शोषणारी चकती. रंग नाही, चकाकी नाही, म्हणून ती कामाची. आज घरी केलेल्या कोस्टरवर आपण जी चकाकी चढवतो, तिनं नेमका हा गुण मरतो. काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी पसरून राहतं, पेला त्यावर घट्ट बसतो, आणि आपण पेला उचलला की कोस्टर अर्ध्या वाटेपर्यंत येऊन पायावर पडतो.

तेव्हा वाणासाठी माझं मत स्पष्ट आहे: कापडी कोस्टर करा, गोधडीच्या पद्धतीनं. पाणी पितात, गरम कप सोसतात, पडले तर फुटत नाहीत, धुता येतात आणि ५० जोड्या एका पिशवीत मावतात. खर्च तर इतका कमी, की हजारातले बरेच उरतील.

हिशोब मांडते. तयार कोस्टर ४ इंच चौरस धरू. मोठा मग किंवा स्टीलचा पेला त्यावर आरामात बसतो, आणि कपाला बशी असेल तर कोस्टरची गरजच नसते. चारही बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, ठेवून कापायचा तुकडा ५ इंचांचा. एका कोस्टरला वरचा आणि खालचा असे दोन, म्हणजे १०० कोस्टरना २०० तुकडे. ४४ इंच पन्ह्याच्या सुती कापडात आडवे ८ तुकडे बसतात, तर २०० तुकड्यांना २५ ओळी, म्हणजे १२५ इंच. धुतल्यावर कापड आटणार हे धरून साडेतीन मीटर सलग घ्या. सलग म्हणते, कारण एकेक मीटरचे तुकडे घेतले तर प्रत्येकात ७ ओळी बसून खाली चार इंच वाया जातात. मीटरला १५० रुपये धरले तरी ५२५ रुपये. आत भरायला जुना टर्किश टॉवेल. ३० बाय ६० इंचांच्या एका टॉवेलमधून ४ इंचांचे १०५ तुकडे निघतात, म्हणजे एकच टॉवेल पुरला. दोन-तीन रिळं दोरा आणि मशीनच्या सुयांचं एक पाकीट, झालं.

याहून कमीत करायचं तर कपाट उघडा. ओटीत आलेले ब्लाउजपीस आपल्या प्रत्येकीकडे साठलेले असतात. ८० सेंटिमीटर लांब आणि ३६ इंच पन्ह्याच्या एका ब्लाउजपीसमधून ४२ तुकडे निघतात, तेव्हा तीन ब्लाउजपीसमध्ये शंभर कोस्टरची वरची बाजू झाली. ओटीचं कापड कापायला मन घेत नसेल तर राहू द्या, तो ज्याचा त्याचा भाव आहे. मागच्या बाजूला साधा मांजरपाट लावा. जुनी चादरही चालते, पण वाण म्हणून देताना बाहेरच्या दोन्ही बाजू कोऱ्या कापडाच्या असाव्यात असं मला वाटतं. जुनं फक्त आत, जिथे त्याचा उपयोग नव्यापेक्षा जास्त आहे. टॉवेल जितका धुतलेला तितका तो पाणी चांगलं पितो. कोऱ्या टॉवेलवर कारखान्यात मुलायमपणासाठी चढवलेला थर असतो, त्यामुळे तो सुरुवातीला पाणी ढकलतो. आतलं कापडही कोरंच हवं असेल तर सोलापुरी टॉवेल आणा आणि वापरण्याआधी तीन-चार वेळा नुसत्या साबणानं धुवा.

कापड सुतीच हवं, यावर मात्र तडजोड करू नका. दुकानदार ‘कॉटनच आहे’ म्हणतो तेव्हा कडेचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि बोटानं चुरडली जाणारी मऊ राख होते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. मिश्र कापडात दोन्ही दिसतं. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. थेंब दोन-तीन सेकंदांत जिरला तर उत्तम. मोत्यासारखा वर राहिला तर एकदा धुऊन पुन्हा पाहा, कारण कधीकधी ती नुसती खळ असते. धुतल्यावरही थेंब तसाच राहिला तर ते कापड पिशव्यांना ठेवा.

खणाचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि संक्रांतीला तर तो शोभतोही. पण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा मूळ विणीचा खण वेगळा आणि बाजारात गठ्ठ्यानं मिळणारा पॉलिस्टरचा खण वेगळा. दुसरा पाणी पीत नाही. तरी खण हवाच असेल तर कोस्टरच्या एका कडेला इंचभर रुंद पट्टी जोडा किंवा एका कोपऱ्यात तिकोनी तुकडा लावा. मधली तीन इंच जागा, जिथे बूड टेकतं, ती साध्या सुती कापडाचीच राहू द्या. जरीच्या काठालाही हाच नियम. जरीचे धागे पाणी शोषत नाहीत, शिवाय उंचवटा आल्यानं पेला डुगडुगतो.

कापण्याआधी सगळं कापड धुऊन वाळवून इस्त्री करा. यात दोन गोष्टी साधतात: आटायचं ते आटतं आणि सुटणारा रंग कळतो. लाल, निळं, काळं कापड असेल तर ओलं करून वर पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालावर रंग आला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवत राहा. मिठाच्या पाण्यात भिजवल्यानं रंग पक्का होतो असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग मिठानं बांधला जात नाही, तो धुऊनच काढावा लागतो. हे टाळलं तर तुमच्या वाणाचा लाल चौकोन कुणाच्या तरी संगमरवरावर उमटेल. आणि अगदी पांढरं कापड वर घेऊ नका. चहाचा थेंब आणि हळदीचं बोट लागणारच आहे.

आता शिवण. शंभर नग आहेत, तेव्हा एकेक पूर्ण करत बसू नका. आधी सगळं कापून घ्या, मग एक टप्पा शंभरदा, मग पुढचा. पाच इंचांचा जाड पुठ्ठा कापून त्यावरून आखा, पुठ्ठ्याच्या कडा झिजल्या की नवा घ्या. मशीनला १६ नंबरची सुई लावा, कारण १४ नंबरची सुई टॉवेलसकट तीन थरांत वाकते. टाका थोडा मोठा ठेवा. टॉवेलचा भुसा मशीनच्या दातांखाली फार साठतो, म्हणून वीस-पंचवीस नगांनंतर पट्टी काढून ब्रशनं झाडा, नाहीतर टाके सुटायला लागतात.

टॉवेलचा ४ इंची तुकडा मागच्या कापडाच्या उलट बाजूवर मधोमध ठेवून एक आडवी टीप मारून अडकवा. मग वरचं आणि मागचं कापड सुलट बाजू आत येतील असं एकमेकांवर ठेवा. टॉवेल बाहेरच्या अंगाला राहतो. टॉवेलच्या कडेला लागून, पण टॉवेलवर न जाता, चारही बाजूंनी शिवा. एका बाजूच्या मध्यावर दोन इंच जागा उलटवण्यासाठी मोकळी सोडा, कोपऱ्याला नको. माया कापून पाव इंचावर आणा, फक्त त्या मोकळ्या जागेपाशी पूर्ण ठेवा. चारही कोपरे टिपेच्या जवळून तिरके कातरा, कोपऱ्यात कापडाचा गोळा राहिला तर तो उलटवल्यावर बोथट दिसतो. उलटवा, विणकामाच्या सुईच्या बोथट टोकानं कोपरे बाहेर काढा, मोकळ्या जागेची माया आत दुमडा, इस्त्री करा आणि कडेपासून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत सगळीकडून टीप मारा. तिनंच ती जागाही बंद होते. वेगळी हातशिलाई लागत नाही.

शेवटचा टप्पा गोधडीचा, आणि तो गाळू नका. बाहेरून आत येत चौकोनात चौकोन असे धावदोरे घाला, दोन ओळींत अर्धा इंच. हा नक्षीचा भाग वाटतो, पण त्यानं थर एकमेकांना धरून राहतात, धुतल्यावर आत टॉवेल गोळा होत नाही आणि पृष्ठभाग सपाट होतो. न टाचलेल्या फुगीर कोस्टरवर उंच ग्लास कलंडतो. गाठी मागच्या बाजूला किंवा थरांच्या आत लपवा, वर गाठ आली की पेला हलतो. मात्र वेळेचा विचार करा. हातानं एका नगाला २० मिनिटं धरली तरी शंभर नगांना ३३ तास होतात. मदतीला सासूबाई, जावा, मैत्रिणी असतील तर तीन दुपारी गप्पांत काम होईल. एकट्या असाल तर मशीननं आत दोन चौकोन मारा आणि हाताचा धावदोरा, दोन रंगी दोऱ्याचा, फक्त सगळ्यात बाहेर एक ओळ ठेवा. दिसायला गोधडीच दिसते.

आत प्लास्टिकचा थर घालू का, असं पुष्कळ जणी विचारतात. मी घालत नाही. पाणी खाली उतरत नाही हे खरं, पण ते खालून सुकतही नाही. पावसाळ्यात दोन दिवसांत कुबट वास येतो आणि इस्त्री तर करताच येत नाही. त्याऐवजी पहिला नमुना झाला की ही परीक्षा घ्या. टेबलावर कोरडा टिश्यू पेपर, त्यावर कोस्टर, कोस्टरच्या मध्यावर चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी घाला आणि भरलेला पेला ठेवा. पंधरा मिनिटांनी टिश्यू कोरडा निघाला तर तो नमुना पास. ओला निघाला तर टॉवेल फार विरळ आहे, दोन थर घ्या. मग गरम चहाच्या कपाचीही तशीच परीक्षा: पाच मिनिटांनी कप उचलताना कोस्टर बरोबर येता कामा नये.

क्रोशा येत असेल तर सुती दोऱ्याचे गोल कोस्टरही तितकेच चांगले. पहिल्या ओळीत १२ खांब, मग २४, ३६, ४८ असे दरवेळी १२ वाढवत गेलात तर वर्तुळ सपाट राहतं. वाढ कमी पडली तर वाटी होते, जास्त झाली तर झालर. अ‍ॅक्रिलिक लोकर वापरू नका, ती स्वस्त आणि रंगीत असली तरी पाणी पीत नाही. पण शंभर नगांसाठी क्रोशा मी सुचवणार नाही. घरच्यांसाठी सहाचा संच करा.

तुम्ही स्वतःच्या जेवणाच्या टेबलासाठीही काहीतरी हवं म्हणालात. तिथे मला टाइल आवडते, कारण ती जड असते, जागची हलत नाही आणि पुसली की स्वच्छ. टाइलच्या दुकानात बंद झालेल्या डिझाइनचे नमुने पडून असतात, मागितले तर कित्येकदा फुकट मिळतात. भिंतीची टाइल घ्या, फरशीची व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली, नको. भिंतीच्या टाइलची माती सच्छिद्र आणि मऊ असते, ती साध्या हातकटरनं कापली जाते. १२ बाय १८ इंचांच्या एका टाइलमधून साधारण ४ इंचांचे १२ तुकडे निघतात. टाइल बसवणाऱ्या कारागिराकडूनच कापून घ्या, आणि मशीननं कापणार असतील तर पाणी सोडत, तोंडाला मास्क लावून. ती धूळ फुप्फुसांना वाईट. कापलेल्या कडा सुरीसारख्या धारदार असतात, त्या कार्बोरंडमच्या दगडावर पाणी घालून घासा.

ग्रॅनाइटच्या दुकानात ओट्याला सिंकसाठी खाच पाडताना निघालेले चौकोन पडलेले असतात, तेही विचारा. कडप्पा किंवा संगमरवराचा तुकडा मिळाला तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: लिंबू सरबत किंवा कोकम सांडलं की आम्लानं त्याची झिलई जाते आणि ते पुसून भरून येत नाही. ग्रॅनाइटला तो त्रास नाही.

टाइल आणि दगड पाणी पीत नाहीत, ही त्यांची उणीव. शिवाय पेल्याला चिकटून उचललं जाण्याचा दोषही त्यांच्यात आहे, म्हणून चकचकीतपेक्षा खडबडीत, मॅट पृष्ठभागाची टाइल निवडा. खाली २ किंवा ३ मिलिमीटरचं कॉर्क लावा, किंवा चार कोपऱ्यांना फेल्टच्या टिकल्या. कॉर्क पाणी शोषतं असा समज आहे. मुळात बाटलीचं बूच त्याचं करतात ते त्यातून पाणी जात नाही म्हणूनच. ते खालीच शोभतं, तिथे ते घसरू देत नाही आणि उष्णता अडवतं. रबर किंवा पीव्हीसीचे तुकडे पॉलिशवर लावू नका, काही महिन्यांत ते पॉलिशवर डाग पाडू शकतात. चिकटवायला पांढरा गोंद नको, तो ओलाव्यानं सुटतो. चप्पल-बूट दुरुस्तीला वापरतात ते रबरी सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकू द्या, मग दाबून बसवा, आणि खिडकी उघडी ठेवा. टाइलवर वारली किंवा आणखी काही रंगवायचं असेल तर कडेच्या इंचभर पट्ट्यात रंगवा, मधलं रिकामं सोडा.

सुतळीचे गोल कोस्टर छायाचित्रात फार देखणे दिसतात. ४ मिलिमीटर जाड दोरीचा १० सेंटिमीटरचा गोल व्हायला साधारण दोन मीटर दोरी लागते, म्हणजे स्वस्तही. पण तागाला तेलाचा वास असतो आणि कोकणच्या पावसात त्यावर बुरशी धरते. करायचेच तर सुती दोरी घ्या आणि गोंद न लावता दोऱ्यानं वेटोळं शिवत जा. रेझिन या कामाला नको. साधं क्राफ्ट रेझिन ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि चहा त्याहून गरम असतो, शिवाय हजारात ते बसतच नाही. झाडाच्या फांदीच्या चकत्या वाळताना मध्यापासून कडेपर्यंत तडकतात. लाकूड वर्तुळाच्या दिशेनं जास्त आटतं, मध्याकडे कमी, त्यामुळे चीर जाणारच.

वेळापत्रकाचं म्हणाल, तर कापड नोव्हेंबरातच धुऊन ठेवा आणि डिसेंबरात शिवायला बसा. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, पण वाण पहिल्या दिवशी पूर्ण हवं. आणि ५२ जोड्या करा, ऐनवेळी दोघीजणी जास्त येतातच. जोडी दोऱ्यानं बांधून एक छोटी चिठ्ठी लावा: पहिल्यांदा वेगळं धुवावं, फॅब्रिक कंडिशनर वापरू नये, उन्हात उलटसुलट करून वाळवावं. कंडिशनरचं मुद्दाम लिहा, त्यानं सुतावर बुळबुळीत थर बसतो आणि कोस्टर पाणी प्यायचं थांबतं.